घरच्या घरी भूगोल आणि विज्ञान : सोलापूरच्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

आम्ही जुळे सोलापुरात राहतो आणि गेली सहा वर्षं दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या पालकांचे मेसेज सतत येतात, आणि त्यांत तेच प्रश्न फिरून फिरून असतात. ते इथे एकत्र केले आहेत. तीन ते दहा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत.

१. घरी शिकवायचं म्हणजे रोज प्रयोग करावा लागतो का? दिवसाला किती वेळ द्यायचा?

रोज नको. आमच्याकडे आठवड्याला एकच मोठा उपक्रम असतो आणि रोज पाच मिनिटांची नोंद: आज सूर्य कुठून उगवला, पावसाच्या बाटलीत किती पाणी, बियाला कोंब आला का. पाच वर्षांखालच्या मुलाला सलग अर्धा तास पुष्कळ झाला. मूल स्वतःहून रमलं असेल तर मात्र घड्याळ बघू नका, त्या दिवशी गणित राहिलं तर राहू द्या. नोंदीत खंड पडू देऊ नका. तीन महिन्यांची साधी नोंद मुलाला जे शिकवते, ते एका दिवसाच्या झगमगीत प्रयोगातून येत नाही.

२. माझं मूल चार वर्षांचं आहे. सुरुवात कशापासून करू?

दिशांपासून. सकाळी गच्चीवर न्या, उगवतीकडे तोंड करून उभं करा. डावा हात उत्तरेला, उजवा दक्षिणेला, पाठ मावळतीला. आपलं सोलापूर यासाठी फार सोयीचं आहे, कारण चारही दिशांना मुलाने नाव ऐकलेलं गाव आहे: उत्तरेला तुळजापूर, दक्षिणेला विजापूर, पूर्वेला हैदराबाद, पश्चिमेला पंढरपूर. ‘पूर्व’ हा शब्द मूल विसरतं, पण ‘विठोबाच्या दिशेला तीन उड्या मार’ म्हटलं की लगेच वळतं. हा खेळ आठवडाभर खेळा. नंतर तोच स्वयंपाकघरात आणा: ‘साखरेचा डबा चहाच्या डब्याच्या उत्तरेला ठेव.’ दिशा पक्क्या झाल्या की नकाशाकडे वळा (प्रश्न ४).

३. सामान काय काय लागतं? खर्च किती येईल?

फारसं काही विकत आणावं लागत नाही. रिकाम्या पारदर्शक बाटल्या, मोजपट्टी, खडू, जुना टॉवेल, तुरटी, लिंबू, हळद, एक चुंबक, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शंभर पानी वही. पैसे खर्च करायचेच असतील तर साध्या थर्मामीटरवर करा, मात्र तापाचा नको, त्याचा आकडा फार वरून सुरू होतो. प्रयोगशाळेतल्यासारखा, शून्यापासून मोजणारा घ्या. तो काचेचा असतो, म्हणून हाताळणं मोठ्यांच्या देखरेखीखाली. तयार ‘सायन्स किट’ आम्ही एकदा घेतलं होतं. त्यातले प्रयोग मुलांनी एका दुपारी संपवले आणि पुन्हा त्या खोक्याकडे वळून पाहिलं नाही. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. तिसरी ते पाचवीचं ‘परिसर अभ्यास’ हाताशी असू द्या.

४. नकाशा वाचायला कसा शिकवायचा? ॲटलास दाखवला तर मुलाला काहीच कळत नाही.

ॲटलास शेवटी येतो. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा, हे आधी हाताला कळायला हवं. कागदावर डबा, वाटी, पुस्तक ठेवा, भोवती पेन्सिल फिरवून घ्या आणि वस्तू उचला. राहिलेल्या रेषा म्हणजे पहिला नकाशा. मग जेवणाचं टेबल, मग खोली. खोली पावलांनी मोजायची आणि एक पाऊल म्हणजे वहीतला एक चौकोन धरायचा. त्यानंतर गल्ली, आणि मगच शहर.

शहराचा नकाशा आम्ही गच्चीवर खडूने काढतो. भुईकोट किल्ला, त्याला लागून सिद्धेश्वर तलाव, चार हुतात्मा पुतळा, सात रस्ता, रेल्वे स्टेशन. प्रत्येक ठिकाणासाठी मुलाने स्वतःची खूण ठरवायची. माझ्या धाकट्याच्या पहिल्या नकाशात रसवंतीगृह किल्ल्याच्या दुप्पट होतं. ते मी पुसलं नाही. त्या वयात मुलं जी जागा महत्त्वाची वाटते ती मोठी काढतात. प्रमाण ही कल्पना साधारण सातव्या-आठव्या वर्षी बसते, आणि तेव्हा तोच जुना नकाशा समोर ठेवून ‘यात काय बदलशील?’ एवढंच विचारायचं.

५. काळ्या मातीवर काय काय करता येईल? आम्ही शहरात राहतो, माती कुठून आणायची?

गावाकडे कुणाचं शेत असेल तर पिशवीभर ढेकळं आणा. नसेल तर शहराबाहेर कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, मुलांसाठी म्हटल्यावर आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. सोबत थोडा मुरूम आणि मूठभर वाळू हवी. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि मुलाला हात घालू द्या.

पहिला प्रयोग बाटलीचा. तीन बाटल्यांत एक तृतीयांश माती, मुरूम आणि वाळू, वर पाणी. झाकण घट्ट लावून मुलाने खदाखदा हलवायचं आणि सगळ्या एकदम खाली ठेवायच्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं, कारण तिचे कण इतके बारीक असतात की खाली बसायलाच तयार नसतात. आता त्या गढूळ पाण्याचे दोन भाग करा आणि एकात तुरटी फिरवा. थोड्या वेळाने तुरटीचं पाणी वरून निवळायला लागतं. बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात. तुरटीमुळे ते एकत्र येतात, जड होतात आणि बसतात. नळाचं पाणी शुद्ध करतानाही तुरटीचाच उपयोग करतात, हे इथेच सांगा.

दुसरा प्रयोग निचऱ्याचा. बाटल्यांचे वरचे भाग कापून उलटे धरा, तोंडाला फडकं बांधा, त्यात तिन्ही प्रकार भरा आणि प्रत्येकात एकेक वाटी पाणी ओता. खाली किती पाणी आलं, किती वेळात आलं, ते मुलाने लिहायचं. वाळूतून पाणी निघून जातं, काळी माती धरून ठेवते.

तिसरा मला सगळ्यांत आवडतो. काळी माती कणकेसारखी मळून पाटावर बरोबर १० सेंटिमीटरची पट्टी थापा आणि तीन दिवस उन्हात ठेवा. आमची पट्टी वाळून साडेआठ सेंटिमीटर झाली आणि मधून दोनदा तडकली. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रान उलतं, भेगा पडतात, त्याचं कारण हेच.

थोरली सहा वर्षांची असताना एप्रिलमध्ये मंगळवेढ्याकडे नातेवाइकांच्या शेतात गेलो होतो. तिने एका भेगेत कडब्याचं धाट घातलं. ते जातच राहिलं. बाहेर काढून मोजलं तर अडीच फूट आत गेलेलं. ती खाली वाकून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “मग पहिला पाऊस आधी इथून आत जातो?” हो, तसंच होतं. पाणी भेगांतून खोलवर जातं, माती फुगते आणि भेगा मिटतात. हे मी तिला पुस्तकातून सांगितलं असतं तर ती ‘हं’ म्हणाली असती आणि खेळायला गेली असती.

काळी माती आली कुठून, हा पुढचा प्रश्न मूल विचारणारच. त्याचं उत्तर दगडांत आहे (प्रश्न १२).

६. बी रुजवण्याचा प्रयोग सगळेच करतात. त्यात वेगळं काय करता येईल?

तीन बिया एकदम घ्या: ज्वारी, हरभरा, तूर. ओल्या टॉवेलच्या घडीत ठेवा, रोज सकाळी उघडून चित्र काढा. हरभरा आणि तूर यांची डाळ होते, म्हणजे बियाचे दोन भाग असतात. ज्वारीची डाळ होत नाही. एकदल आणि द्विदल हा धडा एवढ्यात आटोपतो. कोंब आल्यावर बिया काचेच्या ग्लासात, कडेला ओला कागद लावून ठेवा आणि दोन दिवसांनी ग्लास आडवा करा. मूळ वळून पुन्हा जमिनीकडेच जातं. कितीही वेळा फिरवा, ते खालची दिशा ओळखतं.

थोड्या मोठ्या मुलाला पुढचा धागा द्या: आपली ज्वारी पाऊस संपत आल्यावर का पेरतात? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी, त्यानंतर फारसा पाऊस नाही, तरी पीक उभं राहतं. प्रश्न ५ मधला निचऱ्याचा प्रयोग केलेलं मूल हे स्वतः सांगतं: मातीने ओल धरून ठेवलेली असते. इथे ‘वाफसा’ हा शब्द जरूर शिकवा. माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, पेरणीजोगी झाली की वाफसा आला म्हणतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि खाली टाकल्यावर फुटावा. मुलं हे दहादा करून बघतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या मातीच्या जोरावरच. हुरड्याच्या दिवसांत शेतात जाल तेव्हा एक रोप मुळासकट उपटून बघा.

७. भीमा नदी कशी शिकवावी? मुलाने विचारलं, अरबी समुद्र जवळ असताना ती लांबच्या समुद्राकडे का जाते?

फार चांगला प्रश्न आहे, आणि त्याला परातच उत्तर देते. मोठ्या परातीत ओली माती भरा, एका कडेला उंच भिंत थापा (हा सह्याद्री), तिथून दुसऱ्या कडेपर्यंत हलका उतार ठेवा. उंच कडेच्या जरा अलीकडे तांब्याने बारीक धार सोडा. पाणी जवळच्या कडेवरून न पडता लांबच्या उताराने जातं. भीमाशंकरपासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही, पण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. म्हणून भीमा ८६१ किलोमीटर वाहत जाऊन कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं.

परातीत ओल्या मातीवर खडे ठेवून ठिकाणं करा: भीमाशंकर, उजनी, पंढरपूर, कुडल. पंढरपुराशी बोटाने चंद्रकोरीसारखं वळण काढा, भीमेला तिथे चंद्रभागा का म्हणतात ते मुलाला आपोआप कळेल. लांबोटीवरून वाहणारी सीना कुडलला भीमेला मिळते. धार थोडा वेळ चालू ठेवली की वळणाच्या बाहेरच्या काठाची माती ढासळते आणि आतल्या काठाला गाळ साठतो. यावर काहीही न बोलता मुलाला बघू द्या.

८. पेपरमध्ये ‘उजनी उणे तीस टक्के’ येतं. धरणात शून्यापेक्षा कमी पाणी कसं असेल? मुलाला काय सांगू?

हे बऱ्याच मोठ्यांनाही कळलेलं नसतं. दोन लिटरच्या बाटलीला मध्यापेक्षा थोडं वर खिळ्याने भोक पाडा (हे काम मोठ्यांनी करायचं), बोट लावून बाटली भरा आणि बोट काढा. पाणी भोकापर्यंत येऊन थांबतं. भोकाच्या खालचं पाणी आहे, पण आपोआप बाहेर येत नाही. त्याला मृत साठा म्हणतात. भोकाच्या वरचा तो उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची, आणि भोकाची पातळी म्हणजे शून्य.

उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृत साठ्यात जातं, उपयुक्त साधारण साडेत्रेपन्न. पाणी शून्याच्या खाली उतरलं की उणे आकडा येतो. ‘उणे तीस’ म्हणजे साडेत्रेपन्नच्या तीस टक्के, अंदाजे १६ टीएमसी पाणी मृत साठ्यातून गेलं. बाटलीतलं भोकाखालचं पाणी काढायला मूल नळी किंवा पंप शोधतं, तेव्हा ‘धरणात काय करत असतील?’ असं विचारा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. तो आकडा लहानांना सांगू नका. त्याऐवजी आपल्या घरी नळाला पाणी येतं त्या दिवशी किती बादल्या, किती घागरी भरल्या, ते मोजायला लावा. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात हा हिशेब मुलांना मनापासून करावासा वाटतो.

९. पर्जन्यमापक घरी बनवता येतो का? आमचे आकडे पेपरातल्या आकड्यांशी जुळत नाहीत.

सरळ भिंतीची पारदर्शक बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसवा. तळ वर-खाली असतो, म्हणून आधी खडे आणि थोडं पाणी घालून सपाटी करा आणि तिथे शून्याची खूण करा. वर मोजपट्टी चिकटवा. रोज सकाळी एकाच वेळी वाचायचं, लिहायचं, पुन्हा शून्यावर आणायचं.

आकडे चुकण्याचं कारण बहुतेक वेळा जागा असते. आमची पहिली बाटली पत्र्याच्या कडेला होती, पागोळ्या तिच्यात पडत होत्या. थोरलीने तीन आठवडे मन लावून लिहिलेल्या नोंदी त्यामुळे बाद झाल्या, तिला रडू आलं. दोघींनी मिळून कारण शोधलं आणि वहीत त्या पानांवर ‘पागोळ्यांसह’ असं लिहून ठेवलं. बाटली उघड्यावर, भिंतीपासून दूर, जमिनीपासून थोडी उंच हवी. तरीही फरक राहिला तर तो खराही असू शकतो. आपल्याकडे होटगी रोडला सडा पडतो आणि बाळे कोरडं राहतं, असं कितीदा होतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पडला तर हजार लिटर, म्हणजे हजाराची टाकी भरली. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं आणि जूनपेक्षा सप्टेंबरमध्ये जास्त पडतो. चार महिन्यांचा स्तंभालेख काढला की मुलाला ते स्वतःच दिसेल.

१०. एप्रिल-मेमध्ये बाहेर पाऊल टाकता येत नाही. तेव्हा काय करायचं?

बाहेरचं काम सकाळी नवाच्या आत. अकरा ते चार मुलांना गच्चीवर पाठवू नका, प्रयोग कितीही चांगला असला तरी.

घरात माठाचा प्रयोग करा. दोन सारखी छोटी मडकी घ्या. एकाला बाहेरून ऑइलपेंट लावून वाळवा. दोन्हींत एकाच हंड्यातलं पाणी भरा आणि दर तासाला तापमान लिहा. साधं मडकं गार होतं, रंगवलेलं तसंच राहतं. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होताना उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. रंगाने छिद्रं बुजली की वाट बंद. हाच प्रयोग जुलैत पुन्हा करा. हवेत ओल असल्यामुळे वाफ कमी होते आणि माठ तेवढा गार करत नाही. पाणी रंगवलेल्या मडक्यातलं पिऊ नका.

हळदीचे प्रयोगही उन्हाळ्यात बरे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी लावलं की लाल होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणावर. मुलाच्या हाती चुना मात्र देऊ नका, डोळ्यांत गेला तर इजा होते. साबण किंवा खायचा सोडा पुरतो.

११. बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो असं पुस्तकात आहे. आमच्या काठीची सावली बाराला सर्वांत लहान होतच नाही. आमचं काय चुकतंय?

काही चुकत नाही. तुमच्या मुलाने बरोबर मोजलंय. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर चालतं आणि सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर आहे. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह साधारण २६ मिनिटं उशिरा होतो. त्यात पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, यामुळे वर्षभर थोडा फरक पडत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह बारा-दहाच्या सुमारास, फेब्रुवारीत बारा-चाळीसला. काठी सरळ रोवा (ओळंबा लावून बघा), पावणेबारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका द्या. सर्वांत आखूड सावलीची रेघ नेमकी उत्तर-दक्षिण असते. प्रश्न २ मधल्या दिशा इथे तपासून बघा. पाच-सहा दिवस हा प्रयोग हिवाळ्यात करा, उन्हाचा त्रास होत नाही.

मे महिन्यात १०-११ तारखेच्या आसपास मात्र एक दिवस असा येतो की सरळ उभ्या काठीची सावलीच दिसत नाही, दुपारी बारा-बावीस ते बारा-पंचवीसच्या दरम्यान. शून्य सावलीचा दिवस तो. तेवढ्यापुरतं प्रश्न १० मधला नियम मोडा: टोपी घालून, पाणी पिऊन, दहा मिनिटं गच्चीवर जा, आणि सूर्याकडे न बघता फक्त जमिनीकडे बघा. ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो पुन्हा येतो, पण ढग असतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे दिल्लीच्या मुलांना, हे कधीच बघायला मिळत नाही.

१२. दगड गोळा करायचं वेड आहे मुलीला. त्यातून काय शिकवू?

लिंबू द्या तिच्या हातात. फरशीवाल्याकडून शहाबादीचा टाकाऊ तुकडा आणा, खिळ्याने घासून थोडी भुकटी करा आणि तिच्यावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येतात, कारण तो चुनखडक आहे. आता बांधकामावरची काळी खडी घासून तेच करा. काहीच होत नाही. तो बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्यातून दख्खनचं पठार झालं. तोच दगड झिजून झिजून आपली काळी माती झाली. शहाबाद गाव गुलबर्ग्याच्या पुढे रेल्वेमार्गावरच आहे, म्हणजे काही तासांच्या प्रवासात पायाखालचा खडक बदलतो. नकाशात दोन्ही गावं शोधायला लावा. घरातल्या फरशीवर लिंबू टाकू नका, डाग राहतो.

एक अपवाद सांगून ठेवते, कारण मुलं तिथे अडतात. कधी काळ्या दगडातल्या पांढऱ्या ठिपक्यावर बुडबुडे येतात. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर कॅल्साइट भरलं गेलं, तो तोच. शेतातले पांढरे चुनखडीचे खडेही फसफसतात. चुंबक असेल तर ओढ्याच्या वाळूत फिरवा. काळे कण मिशांसारखे चिकटतात, ते बेसॉल्टमधून आलेलं मॅग्नेटाइट. चुंबकाला आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर ते कण निघता निघत नाहीत.

१३. सोलापुरी चादर-टॉवेलवर विज्ञानाचा उपक्रम होऊ शकतो का?

होतो. पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा पाडा, उभा दोरा ताणून गुंडाळा, हा ताणा. त्यातून आडवा दोरा एक सोडून एक घाला, हा बाणा. सहा वर्षांचं मूल तळहाताएवढं कापड विणतं. मग टॉवेल, सुती रुमाल आणि पॉलिस्टर यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या रंगीत पाण्यात टोकं बुडवून टांगा, दहा मिनिटांत पाणी किती चढलं ते मोजा. नंतर प्रत्येकाचं वजन कोरडं आणि ओलं करून बघा. टॉवेलवरच्या फाशांमुळे पाणी धरायला जागा जास्त मिळते. कोरा टॉवेल वापरलात तर निकाल उलटा येईल, आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. घरात कुणी मागावर काम केलेलं असेल तर त्यांना मुलासमोर बसवा. माझ्या सासऱ्यांनी धोट्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला होता, तो धाकट्याला अजून येतो.

१४. प्रयोग फसला किंवा मुलाने चुकीचं उत्तर काढलं तर?

लगेच बरोबर उत्तर सांगू नका. ‘पुन्हा करून बघायचं का? या वेळी काय बदलू?’ एवढं विचारा. चुकीचं पान फाडू नका (पागोळ्यांची गोष्ट प्रश्न ९ मध्ये आहे). पाच वर्षांच्या मुलाला पृथ्वी सपाट वाटते. ते त्याचं प्रामाणिक निरीक्षण आहे, त्याला घाई करू नका.

१५. दोन मुलांत चार वर्षांचं अंतर आहे. दोघांना एकत्र कसं घ्यायचं?

प्रयोग एकच, नोंद वेगळी. निचऱ्याच्या प्रयोगात धाकटा चित्र काढतो, थोरली मिलिलिटर आणि मिनिटं लिहिते. हाताची कामं आधी धाकट्याला द्या, नाहीतर मोठं मूलच सगळं उरकून टाकतं.

१६. आमच्या घरी कन्नड बोलतात, शेजारी तेलुगू. शब्दांचा गोंधळ होतो. एकाच भाषेत शिकवावं का?

हे सोलापुरात सगळीकडे आहे आणि मला ती जमेची बाजू वाटते. वहीत एक पान शब्दांचं ठेवा. पाणी, नीरू, नीळ्ळू. माती, मण्णू, मट्टी. सावली, नेरळू, नीडा. मूल ज्या भाषेत स्वप्नं बघतं त्या भाषेत प्रयोगाबद्दल बोलू द्या, नोंद हळूहळू मराठीत येईल. आजीला विचारून शब्द गोळा करणं हाच एक उपक्रम होतो, आणि ‘घरी कसलं शिक्षण’ म्हणणारी आजी त्यात ओढली जाते.

१७. सोलापूरच्या आसपास मुलांना कुठे कुठे न्यावं?

केगावचं सायन्स सेंटर अर्ध्या दिवसाला पुरतं. नान्नजच्या माळरानावर हिवाळ्यात पहाटे जा. १९७९ पासून ते माळढोकसाठी राखीव आहे. माळढोक दिसेल असं मुलाला कबूल करू नका, तो फार दुर्मिळ झालाय. काळवीट मात्र बहुधा दिसतात. माळाला ‘पडीक जमीन’ म्हणू नका. गवत, किडे, पाली, पक्षी, सगळं तिथे भरलेलं असतं. दगड उलटायचा तर काठीने, खाली विंचू असू शकतो. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, परातीतली नदी (प्रश्न ७) तिथे प्रत्यक्ष बघता येते, आणि देवळातला इ. स. १०१८चा मराठी शिलालेखही. पाण्याच्या काठाला लहान मुलाचा हात सोडू नका, काठाची काळी माती ओली असली की पाय सरकतो.

१८. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेला, संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं म्हणतात. पण मुलीच्या नोंदीत सूर्य डिसेंबरमध्येच उत्तरेकडे सरकायला लागला. काय खरं?

तिची नोंद बरोबर आहे. गच्चीवरून रोज सूर्य कुठल्या इमारतीमागून उगवतो ते लिहिलं, तर २१-२२ डिसेंबरला तो सर्वांत दक्षिणेला असतो आणि तिथून परततो. जूनपर्यंत उगवतीची जागा जवळजवळ ५० अंश सरकते, हात लांब करून धरलेल्या पाच मुठींएवढी. मकर संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन गोष्टी एकाच सुमारास होत होत्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात, त्यामुळे त्या हळूहळू लांब गेल्या. मुलीला भोवरा फिरवून दाखवा आणि यात्रेतल्या मिरवणुकीचे नंदीध्वज बघायलाही घेऊन जा. आजीचं वाक्य खोटं ठरवायची गरज नाही, ते जुन्या काळातलं निरीक्षण आहे.

१९. पुढे शाळेत घालायचं झालं तर? परीक्षेचं काय?

घरी शिकवण्यासाठी आपल्याकडे वेगळी नोंदणी नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या, कधी शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे (किमान वय १४), शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. नियम आणि तारखा बदलत असतात, त्या त्या वर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर बघूनच ठरवा. जन्मदाखला, आधार कार्ड आणि मुलाच्या सगळ्या वह्या एका फाइलमध्ये ठेवा. थोरलीला एका शाळेत दाखवायला नेलं तेव्हा मुख्याध्यापिकेने आधी पाढे विचारले, मग पावसाची वही उघडली आणि पंधरा मिनिटं पानं उलटत तिला त्यावरच प्रश्न विचारत राहिल्या. ‘पागोळ्यांसह’ म्हणजे काय, हेही त्यांनी विचारलं.